ताप उतरल्यानंतरचा ताप

अंबड तालुक्यातले अंकुशनगर हे समर्थ सहकारी साखर कारखान्याभोवती वाढलेले गाव. इथे वर्षाचे दोनच भाग पडतात: गळीत हंगाम आणि बाकीचे दिवस. दिवाळीच्या मागेपुढे ऊसतोडणीच्या टोळ्या उतरतात, कोप्या उभ्या राहतात आणि आईबापांमागे आलेली लेकरे उसाच्या फडात दिसू लागतात. त्यांतल्या एखाद्याला ताप भरला की निदाने जणू ठरलेली असतात. टायफॉईड, डेंग्यू, मलेरिया, नाहीतर 'हवा बदलली'. करोनाच्या साथीने या यादीत एका नावाची भर घातली. लहान मुलांमधील बहुअवयवी दाहाचा लक्षणसमूह, म्हणजेच एमआयएस-सी.

करोनाकाळातले राज्याचे आरोग्यमंत्री राजेश टोपे आमच्याच भागातले. त्यामुळे साथीच्या बातम्या इथे घरच्या बातम्यांसारख्या ऐकल्या जात. तरीही मी ज्यांच्याशी बोललो, त्यांतल्या बहुतेकांच्या लेखी हा आजार एकतर नव्हताच किंवा 'लशीमुळे होणारा' होता. मी डॉक्टर नाही. पण या दोन्ही समजुती तपासाव्यात असे वाटले आणि वाचत गेलो.

गोष्ट सुरू होते २०२० च्या एप्रिलमध्ये. करोना मुलांना फारसे काही करत नाही, असा दिलासा जगभर दिला जात होता. तेवढ्यात लंडनच्या डॉक्टरांकडे दहा दिवसांत आठ मुले आली. तीव्र ताप, पोटदुखी, जुलाब, लाल डोळे, अंगावर पुरळ आणि घसरत जाणारा रक्तदाब. इटलीतल्या बेर्गामोमध्ये कावासाकी आजारासारखी लक्षणे असलेली दहा मुले दोन महिन्यांत आली. त्याआधीच्या पाच वर्षांत मिळून अशी १९ मुले आली होती. मे महिन्याच्या मध्यावर जागतिक आरोग्य संघटनेने या आजाराची व्याख्या जाहीर केली. मुंबईतही त्या उन्हाळ्यात अशी मुले दिसू लागली. तिथल्या २३ मुलांची नोंद त्याच वर्षी 'इंडियन पेडिॲट्रिक्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. निम्म्याहून अधिक मुले शॉकच्या अवस्थेत गेली होती. त्यांतले एक दगावले.

ज्यांच्या नावाचा आजार यासंदर्भात पुन्हा पुन्हा येतो, ते तोमिसाकू कावासाकी हे जपानी बालरोगतज्ज्ञ. १९६१ साली त्यांनी असा पहिला रुग्ण पाहिला आणि १९६७ मध्ये ५० मुलांचे वर्णन छापले. या नव्या आजाराची चर्चा ऐन भरात असताना, जून २०२० मध्ये, वयाच्या ९५ व्या वर्षी ते वारले. दोन्ही आजार दिसायला सारखे, पण एक नव्हेत. कावासाकी बहुतेक पाच वर्षांखालच्या मुलांना होतो. एमआयएस-सी प्रामुख्याने शाळकरी वयात दिसला आणि त्यात पोट व हृदयाचे स्नायू यांना जास्त त्रास झाला.

या आजारातली कळीची बाब म्हणजे अंतर. करोनाची लागण होऊन गेल्यावर दोन ते सहा आठवड्यांनी हा ताप येतो. मूळ लागण कित्येकदा इतकी सौम्य असते की घरात तिची कुणी दखलही घेतलेली नसते. विषाणूशी लढाई संपलेली असते, पण फौज परत फिरत नाही. ती आपल्याच मुलखात शिरते. महाराष्ट्राला हा प्रकार अगदीच अनोळखी नाही. घसा धरून गेल्यावर काही आठवड्यांनी सांधे सुजवणारा आणि हृदयाच्या झडपा खराब करणारा संधिवाताचा ताप आपल्याकडे पिढ्यानपिढ्या आहे. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात गुलेन बारीचे रुग्ण वाढले, तेव्हाही पोटाच्या संसर्गानंतर शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटली होती.

असे का होते, याचे एक उत्तर २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये आले. एमआयएस-सी झालेल्या सुमारे एकतृतीयांश मुलांच्या रक्तात शरीरातल्याच एसएनएक्स८ नावाच्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे आढळली. या प्रथिनाचा एक तुकडा करोनाच्या विषाणूतल्या एका तुकड्याशी मिळताजुळता आहे. चोराचा चेहरा घरच्या माणसाशी जुळला आणि पहारेकऱ्याने घरच्यालाच धरले, असा हा प्रकार. उरलेल्या मुलांमध्ये काय घडते, याच्या वाटा वेगळ्या असाव्यात आणि त्यांवर काम चालू आहे.

निदानासाठी एकच अशी खात्रीची तपासणी नाही. ताप, दोन किंवा अधिक अवयवसंस्थांना त्रास, रक्तात सीआरपीसारखे वाढलेले दाहाचे निर्देशक, दुसरे कारण न सापडणे आणि मागच्या काही आठवड्यांतली करोनाची लागण, एवढे सगळे जुळवावे लागते. यातला शेवटचा धागा सर्वांत कच्चा. आयसीएमआरच्या २०२१ च्या जून-जुलैमधील पाहणीत ६ ते ९ वर्षांच्या ५७ टक्के आणि १० ते १७ वर्षांच्या जवळपास ६२ टक्के मुलांमध्ये प्रतिपिंडे सापडली होती. निम्म्याहून अधिक मुलांत जे असते, ते कुणा एकाच्या आजाराचा पुरावा कसे ठरणार? उलट डेंग्यूतही प्लेटलेट घटतात, रक्तदाब पडतो. पोट इतके दुखते की अपेंडिक्सचा संशय यावा. म्हणून अहवालांइतकीच मोलाची ठरते ती घरच्यांची आठवण: गेल्या महिना-दीड महिन्यात घरात कुणाला ताप-खोकला झाला होता?

आजार वेळेवर ओळखला तर उपचार आहेत. शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन, स्टिरॉइड, रक्त गोठू नये म्हणून ॲस्पिरिनची लहान मात्रा, तीही डॉक्टरांच्याच देखरेखीखाली. आणि हृदयाची इको तपासणी. बहुतेक मुलांचे हृदय काही आठवड्यांत, महिन्यांत पूर्ववत होते. मात्र हिशेब मोठा आहे. इम्युनोग्लोब्युलिन वजनाच्या दर किलोमागे दोन ग्रॅम द्यावे लागते. वीस किलोच्या मुलाला चाळीस ग्रॅम, म्हणजे पाच ग्रॅमच्या आठ कुप्या, आणि एकेका कुपीची किंमत हजारांत. तोडणीची उचल घेऊन आलेल्या कुटुंबाला हा आकडा कसा वाटेल, हे वेगळे सांगायला नको.

आता लशीविषयी. अमेरिकेत ऑगस्ट २०२१ पर्यंत १२ ते २० वयाच्या दोन कोटींहून अधिक जणांनी किमान एक मात्रा घेतली होती. त्यांतल्या २१ जणांना नंतर एमआयएस-सी झाला आणि त्यांपैकी १५ जणांमध्ये आधीच्या लागणीचा पुरावा होता. म्हणजे दर दहा लाखांमागे साधारण एक. लागणीचा पुरावा नसलेले धरले तर त्याहूनही कमी. साथीच्या सुरुवातीला प्रत्यक्ष लागण झालेल्या २१ वर्षांखालच्या दर दहा लाख जणांमागे हाच आकडा तिथे सुमारे ३१६ होता. फायझरच्या दोन मात्रा घेतलेल्या १२ ते १८ वयाच्या मुलांमध्ये या आजाराचा धोका ९१ टक्क्यांनी घटल्याचेही आढळले. हे आकडे परदेशी लशींचे आहेत, हे ध्यानात ठेवायला हवे. तरी लागण आणि लस यांना एकाच तराजूत तोलता येणार नाही, एवढे त्यांतून स्पष्ट होते.

ओमायक्रॉननंतर हा आजार बराच विरळ झाला. तरी सहा आठवड्यांमागची आठवण हा निदानाचा आधार असेल, तर ज्यांचे मागचे सहा आठवडे दुसऱ्याच जिल्ह्यात गेले, ज्यांच्याजवळ ना कागद ना ओळखीचा डॉक्टर, त्यांच्या लेकरांचे काय? टोळी फडात उतरते तेव्हा मुकादम माणसांची नोंद करतो. त्याच दिवशी बरोबरच्या मुलांचीही एक वही सुरू व्हावी: नाव, वय, मागच्या दोन महिन्यांतले दुखणे, झालेले लसीकरण. तिला खर्च जवळजवळ नाही. आणि ती एमआयएस-सीसाठीच नव्हे, पुढे येणाऱ्या कुठल्याही तापासाठी उपयोगी पडेल.