मातीच्या विटेची शाळा आणि कारागिराची मजुरी

पत्र्याच्या वर्गात एप्रिलच्या दुपारी बसण्याचा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांना आहे. नवी शाळा बांधायची म्हटले की दोनच नमुने पुढे येतात, सिमेंटचा स्लॅब नाहीतर भिंतीवर थेट बसवलेला पत्रा. दोन्ही तापतात. पश्चिम आफ्रिकेतील बुर्किना फासो या मुस्लिमबहुल, गरीब देशात यावर तिसरा मार्ग निघाला. तो गवंडी आणि वेल्डर यांच्या हातचा आहे, म्हणून या पानावर त्याची माहिती देत आहोत.

गान्दो या खेड्यात पूर्वी शाळाच नव्हती. गावप्रमुखाचा मुलगा फ्रान्सिस केरे शिकण्यासाठी लहानपणीच घराबाहेर पडला, सुतारकाम शिकला, पुढे जर्मनीत वास्तुशास्त्र शिकू लागला. विद्यार्थी असतानाच त्याने वर्गणी जमवली आणि २००१ साली गावात तीन वर्गांची प्राथमिक शाळा उभी राहिली. माती म्हटल्यावर गावकरी आधी नाखूष होते. पावसाळ्यात मातीची घरे ढासळताना त्यांनी पाहिली होती, त्यांचे काय चुकले?

उत्तर विटेत होते. माती चाळून, तिच्यात थोडे सिमेंट मिसळून यंत्रात दाबली की वीट घट्ट होते. ती भाजावी लागत नाही, म्हणजे भट्टीचे लाकूड वाचते. जाड भिंत दुपारची उष्णता लवकर आत येऊ देत नाही. पत्रा भिंतीच्या बराच बाहेर काढल्याने पावसाची झड विटेवर येत नाही.

पण खरी करामत छपराची आहे. वर्गावर आधी विटांचेच छत. काँक्रीटच्या तुळयांवर आडव्या सळया टाकून त्यावर विटा मांडल्या आहेत. त्याच्यावर मोकळी जागा सोडून लोखंडी कैच्यांवर पत्रा. ऊन पत्रा तापवते, पण मधून वारा वाहत असल्याने ती उष्णता वर्गात न उतरता बाहेर जाते. वर्गातली गरम हवा छताच्या फटींतून वर निघते आणि झडपांच्या खिडक्यांतून ताजी हवा आत येते. पंखा नाही, विजेचे बिल नाही.

कैच्यांसाठी मोठे गर्डर आणून क्रेनने चढवणे त्या खेड्यात शक्यच नव्हते. बांधकामाच्या साध्या सळया हातकरवतीने कापून लहान वेल्डिंग मशीनने जोडल्या. हे काम गावातल्या तरुणांना तिथेच शिकवले. बायकांनी पाणी वाहिले, मुलांनी पायासाठी दगड आणले.

२००४ साली या शाळेला वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला आणि २०२२ साली केरे यांना प्रित्झकर पारितोषिक. मानसन्मान ठीक. धंद्याच्या दृष्टीने मोठी गोष्ट वेगळीच आहे. तिथे शिकलेल्या तरुणांना पुढे सरकारी बांधकामांवरही घेतले गेले आणि शेजारच्या दोन गावांनी स्वतःच्या शाळा बांधल्या. तयार माल बाहेरून आणला असता तर पैसा गावाबाहेर गेला असता. इथे त्यातला बराच भाग मजुरी होऊन गावातच राहिला.

आपल्याकडे हे करायचे तर आधी माती पाहावी. काळी कापसाची जमीन फुगते, भेगाळते, तिची वीट टिकत नाही. रेताड, थोडी चिकण असलेली लाल किंवा मुरमाड माती चालते. दाबयंत्रे आपल्या देशातही होतात, पुदुच्चेरीजवळच्या ऑरोव्हिलमधील हातयंत्रे प्रसिद्ध आहेत. अशा विटांसाठी भारतीय मानक १७२५ आहे. सरकारी कामाचे टेंडर भरणाऱ्यांनी ते जरूर वाचावे, कारण मातीची वीट म्हटली की इंजिनियर आधी नकार देतात. यंत्राला पैसे घालण्यापूर्वी मात्र दहा-वीस विटा पाडाव्यात, तीन-चार आठवडे ओल्या ठेवून मुरू द्याव्यात आणि मग दिवसभर पाण्यात बुडवून पाहाव्यात.