राउटरमध्ये टाचणी खुपसण्याआधी

रविवारी सकाळी शेजारच्या काकांनी हाक मारली. गेलो तर त्यांच्या एका हातात टाचणी, दुसऱ्या हातात राउटर आणि चेहऱ्यावर कामगिरी फत्ते केल्याचा भाव. "नेट सारखं अडकत होतं, म्हणून रीसेट मारला. आता तर मुळीच येत नाहीये." राउटरच्या पाठीला एक बारीक भोक असतं आणि त्याच्या आत बटण असतं. ते साधारण दहा सेकंद दाबून धरायचं. काकांनी वीस सेकंद धरलं होतं. पक्कं काम.

रीस्टार्ट आणि रीसेट हे शब्द आपल्याकडे एकाच अर्थाने फिरतात, आणि घरच्या नेटवर्कचे निम्मे हाल तिथेच होतात. रीस्टार्टमध्ये फक्त वीज जाते आणि येते, बाकी सगळं जागच्या जागी राहतं. रीसेटमध्ये राउटर कारखान्यातून निघाला त्या दिवसावर परत जातो. वायफायचं नाव आणि पासवर्ड तर जातातच, शिवाय बसवायला आलेल्या मुलाने आत भरलेलं कनेक्शनचं युजरनेम आणि पासवर्डही पुसलं जातं. पुष्कळ फायबर कनेक्शनांना त्याशिवाय बाहेरची वाट उघडत नाही. काकांकडे ते कुठेच लिहून ठेवलेलं नव्हतं. त्यामुळे सोमवारी दुपारी माणूस येईपर्यंत घर नेटविना.

खरं तर बोर्डवरचं बटण बंद करून तीसपर्यंत आकडे मोजले असते, पुन्हा चालू करून तीन मिनिटं दम धरला असता, तर बहुतेक भागलं असतं. राउटर हा एक छोटा संगणकच आहे. घरातल्या कुठल्या यंत्राने बाहेर काय मागितलं याची वही तो सतत लिहीत असतो. ती वही तुंबते, एखादा प्रोग्रॅम आत लटकतो. बंद-चालू केल्यावर वही कोरी होते, म्हणून गाडी पुन्हा धावते. पण रोज रीस्टार्ट करावा लागत असेल, तर ते औषध नाही, लक्षण आहे. अशा वेळी मी आधी अडॅप्टरकडे बघतो. चार-पाच वर्षं भिंतीला लटकून तापलेला अडॅप्टर पुरेसा दाब देईनासा होतो आणि राउटर आपोआप बंद-चालू होत राहतो. काही रुपयांच्या अडॅप्टरपायी नवा राउटर घेतलेली माणसं माझ्या ओळखीत आहेत.

"रेंज फुल आहे, म्हणजे नेट आहे"

हा सगळ्यात पसरलेला समज. फोनवरच्या वायफायच्या कमानी एवढंच सांगतात, की फोनला राउटरचा आवाज किती जोरात ऐकू येतोय. राउटरच्या पलीकडे काय चाललंय, याची कमानींना गंधवार्ता नसते. इमारतीतल्या पाण्यासारखं आहे हे. गच्चीवरच्या टाकीपासून आपल्या नळापर्यंतची पाइपलाइन एक आणि महापालिकेकडून टाकीत येणारं पाणी दुसरं. वायफाय म्हणजे टाकी ते नळ, इंटरनेट म्हणजे महापालिका. नळाला पाणी नाही म्हटल्यावर आपण आधी टाकी बघतो, पण नेट गेल्यावर मात्र सरळ नेटवाल्याला फोन लावून भांडतो.

बिघाड कुठल्या बाजूचा, हे पाच मिनिटांत कळतं. आधी राउटरवरचे दिवे. फायबरच्या डब्यावर 'एलओएस' लिहिलेला दिवा लाल झाला असेल, तर काचेच्या तारेतून प्रकाशच येत नाहीये. मग घरातलं काहीही बंद-चालू करून उपयोग नाही. तक्रार नोंदवा. मात्र फोन करण्याआधी त्या बारीक पिवळ्या किंवा पांढऱ्या वायरीवर एक नजर फिरवा. घरात येणाऱ्या फायबरचा प्रकाश वाहणारा गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा असतो, म्हणजे केसापेक्षाही कितीतरी बारीक. ती वायर दिवाणाच्या पायाखाली दाबली किंवा कोपऱ्यात काटकोनात मोडली, की वळणावर प्रकाश बाहेर सांडतो. साफसफाईच्या दुसऱ्या दिवशी "नेट गेलं" म्हणणाऱ्यांची वायर बहुधा शोकेसच्या मागे चिरडलेली सापडते.

दिवा ठीक असेल, तर ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकायचा. बहुतेकांचा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. आपल्या राउटरचा नेमका पत्ता त्याच्या पोटाखालच्या चिकटपट्टीवर छापलेला असतो. ते पान उघडलं, तर टाकी ते नळ ठीक आहे. नाहीच उघडलं आणि लॅपटॉप स्वतःचा पत्ता १६९.२५४ने सुरू होणारा दाखवत असेल, तर राउटरने त्याला पत्ताच दिलेला नाही. १६९.२५४ म्हणजे संगणकाने हताश होऊन स्वतःच स्वतःला दिलेला नंबर.

तिसरी परीक्षा वायरीची. लॅपटॉप राउटरला केबलने जोडा. वायरीवर चांगलं आणि हवेत वाईट, तर दोष लहरींचा. दोन्हीकडे वाईट, तर राउटरचा किंवा बाहेरचा.

"आमचं वायफाय फाइव्ह-जी आहे"

नसतं. नावापुढचं ते '5G' म्हणजे ५ गिगाहर्ट्झची पट्टी. मोबाइलचं फाइव्ह-जी म्हणजे पाचवी पिढी. दोघांचा नात्यागोत्याचाही संबंध नाही. राउटर बहुधा दोन पट्ट्यांवर बोलतो. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतींतून बऱ्या पलीकडे जातात, पण तिथे गर्दी फार. ५ च्या लहरी वेगवान, पण सिमेंटच्या दोन भिंती ओलांडताना दमतात. स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो, म्हणून दूध गरम करताना व्हिडिओ कॉल फाटतो. हा भास नव्हे.

गर्दीबद्दल एक गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. २.४ च्या पट्टीत आपल्याकडे १३ चॅनेल आहेत, पण ती ५-५ मेगाहर्ट्झच्या अंतरावर, आणि वायफायला लागते किमान २० ची रुंदी. म्हणजे शेजारची चॅनेल एकमेकांवर चढतात. एकमेकांना न खेटणारी त्रयी म्हणजे १, ६ आणि ११. कुणीतरी ॲपमध्ये बघून "तीन नंबर रिकामा आहे" म्हणत तिथे राउटर लावतो आणि १ वाल्यांच्या व ६ वाल्यांच्या, दोघांच्याही बोलण्यात तोंड घालतो. त्यापेक्षा १, ६, ११ पैकी ज्यावर गर्दी कमी, तिथे बसावं. एकाच चॅनेलवरचे राउटर निदान पाळीपाळीने बोलतात.

जास्त अँटेना म्हणजे जास्त लांब रेंज, हाही दुकानातला समज. अँटेना वेग वाढवायला मदत करतात, पण किती ताकदीने ओरडायचं याला कायद्याने मर्यादा आहे. शिवाय संभाषण दुतर्फा असतं. राउटरचं फोनला ऐकू आलं, तरी फोनची बारीक आवाजातली कुजबूज राउटरपर्यंत पोचायला हवी. रेंज वाढवायचा फुकटातला उपाय म्हणजे जागा बदलणे. टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटावर आणि आरशाच्या आड ठेवलेला राउटर मी रोज बघतो. घराच्या मध्याजवळ, उंचावर, उघड्यावर ठेवा. रिपीटर लावायचा, तर सिग्नल मेलेल्या खोलीत नाही, अर्ध्या वाटेवर. मेलेल्या जागी त्याला तरी काय ऐकू येणार?

वेगाच्या आकड्यांचाही खुलासा इथेच करून टाकतो. १०० एमबीपीएसचा प्लॅन घेतला आणि फाइल १२ च्या वेगाने उतरतेय म्हणून फसवणूक झाली, असं नाही. प्लॅनचा आकडा मेगाबिटचा, डाउनलोडचा मेगाबाइटचा. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून १०० चे साडेबारा.

"ड्राइव्ह दिसत नाही, म्हणजे ती गेली"

सोमवारी नेट आलं. मंगळवारी काका पुन्हा दारात. त्यांचा मुलगा नेदरलँड्सला असतो. नातवाचे फोटो आणि मुलाच्या लग्नाचा व्हिडिओ जपायला त्याने राउटरशेजारी एक नेटवर्क ड्राइव्ह ठेवून दिली होती. आता लॅपटॉपवर त्या ड्राइव्हच्या 'झेड' या खुणेवर लाल फुली. "ती पण जळली वाटतं."

ड्राइव्ह ठणठणीत होती. रीसेटनंतर राउटरने घरातल्या सगळ्या यंत्रांना नव्याने पत्ते वाटले होते आणि लॅपटॉप ड्राइव्हला जुन्याच पत्त्यावर शोधत होता. राउटरच्या पानावर जोडलेल्या यंत्रांची यादी असते. तिथे ड्राइव्हचं नाव आणि नवा नंबर मिळाला. फाइल एक्सप्लोररच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा काढून तो नंबर टाकला आणि फोल्डर उघडले. मग राउटरमध्येच 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' करून तो नंबर ड्राइव्हच्या नावे कायमचा राखून ठेवला. या साऱ्याला इंटरनेट लागत नाही. नेट बंद असतानाही घरातली ड्राइव्ह दिसायलाच हवी, आणि ती दिसत नाही म्हणून नेटवाल्याला फोन करण्यात अर्थ नाही.

ड्राइव्ह न दिसण्याची आणखी दोन कारणं मला वारंवार सापडतात. पहिलं, घरात दोन राउटर. कंपनीने दिलेला एक आणि त्याला जोडलेला आपण विकत घेतलेला 'चांगला' दुसरा. दोघेही पत्ते वाटतात, एक १९२.१६८.१ चे, दुसरा १९२.१६८.० चे. ड्राइव्ह एका वाड्यात आणि फोन दुसऱ्या वाड्यात. नेट दोन्हीकडे चालतं, म्हणून कुणाला शंकाच येत नाही. दुसऱ्या राउटरला 'ॲक्सेस पॉइंट' करा, सगळे एका वाड्यात येतात. पाहुण्यांसाठीचं 'गेस्ट' वायफायही मुद्दाम असंच वेगळं ठेवलेलं असतं. आपणच त्याला जोडलेले असलो, तर ड्राइव्ह दिसणार नाही.

दुसरं कारण भाषेचं. जुन्या राउटरच्या यूएसबीला लावलेल्या ड्राइव्ह आणि जुन्या नेटवर्क ड्राइव्ह 'एसएमबी-१' ही फार जुनी बोली बोलतात. मे २०१७ मध्ये जगभर धुमाकूळ घालणारा 'वॉनाक्राय' त्याच बोलीतल्या एका खिंडारातून शिरला होता. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती, पण असंख्य लोकांनी अपडेट केलं नव्हतं. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरपासून नव्याने बसवलेल्या विंडोज १० मध्ये ती बोली आपोआप येईनाशी झाली. म्हणजे नवा लॅपटॉप घेतल्यावर जुनी ड्राइव्ह दिसत नाही, यात लॅपटॉप खराब नसतो. विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन एसएमबी-१ चालू करण्याचा सल्ला कुणीही देईल. देऊ द्या. ड्राइव्हचं फर्मवेअर अपडेट करा. तेही मिळत नसेल, तर माल नव्या जागी हलवा.

राउटरला यूएसबीने लावलेली पोर्टेबल ड्राइव्ह मधूनच टिकटिक करून गायब होत असेल, तर बहुधा तिला वीज पुरत नाही. यूएसबी २ चं पोर्ट ५०० मिलिअँपिअर द्यायला बांधलेलं आहे आणि फिरती तबकडी सुरू होताना त्याहून जास्त मागू शकते. आणि "जागा असूनही फाइल मावत नाही" असं दिसलं, तर ड्राइव्ह फॅट-३२ वर आहे का ते बघा. त्या मांडणीत ४ जीबीहून मोठी एकसंध फाइल बसतच नाही. लग्नाचे व्हिडिओ नेमके तिथे अडतात.

पहिला बॅकअप वायफायवरून लावून "ड्राइव्ह स्लो आहे" म्हणणं अन्यायाचं. ५०० जीबी माल १०० मेगाबिटच्या पोर्टमधून न्यायला अकरा तास लागतात, गिगाबिटमधून सव्वा तासाच्या आसपास. गिगाबिटला केबलीतल्या आठही तारा लागतात, १०० ला चार पुरतात. उरलेल्या चारांतली एक तार तुटली, तरी केबल चालू दिसते आणि वेग मात्र दहाव्या हिश्श्यावर येतो.

"ड्राइव्हवर आहे, म्हणजे बॅकअप आहे"

काकांनी जागा मोकळी करायला फोटो लॅपटॉपमधून उडवले होते. "ड्राइव्हवर आहेत ना!" आहेत, पण आता तीच एकमेव प्रत. फोटोंचं फक्त घर बदललं. दोन तबकड्यांवर आरशासारखी एकच नक्कल ठेवणाऱ्या ड्राइव्हवाल्यांनीही खूश होऊ नये. एका तबकडीवर चुकून फोल्डर पुसला, तर आरसा तो दुसरीवरूनही त्याच क्षणी पुसतो. तबकडी मेली तर ती रचना वाचवते. चूक, व्हायरस, चोरी आणि विजेचा झटका यांपासून वाचवत नाही.

जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या 'माय बुक लाइव्ह' ड्राइव्ह जगभरच्या घरांत बसल्या जागी कोऱ्या झाल्या. इंटरनेटला उघड्या असलेल्या त्या ड्राइव्हना २०१५ पासून अपडेट मिळत नव्हतं आणि कुणीतरी दुरून त्यांना रीसेटची आज्ञा दिली होती. काकांच्या टाचणीचं काम, टाचणीशिवाय. म्हणून घराबाहेरून ड्राइव्ह उघडण्याची सोय, गरज नसेल तर, मी बंद करून ठेवतो. आणि तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर, हा छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला हिशेब मला अजूनही सगळ्यात व्यवहारी वाटतो. घराबाहेरची प्रत म्हणजे क्लाउडच हवा असं नाही. बहिणीच्या घरी कपाटात ठेवलेली ड्राइव्ह चालते, वर्षातून दोनदा आणून भरली तर.

हे सगळं ऐकून काका म्हणाले, "पण आमचं तर रोज रात्री 'बॅकअप कम्प्लीट' असं येतं." म्हटलं, "काका, तुम्ही त्यातला एखादा फोटो उघडून बघितलाय का कधी?" त्यांनी २०१४ चा फोल्डर उघडला, मुंजीचा एक फोटो निवडला. वरच्या अर्ध्या भागात मांडव आला, भटजी आले, बटूचं कपाळ आलं. खालचा अर्धा भाग नुसता करडा. प्रत होताना मध्येच वीज गेली असणार.

"जुना लॅपटॉप आहे का अजून?"

"माळ्यावर आहे," काका म्हणाले आणि स्टूल ओढायला लागले. "चार्जर मात्र शोधावा लागेल."