घरगुती मत्स्यपेटी आणि शेवाळ खाणारे मासे

भंडारा हा तलावांचा जिल्हा. लाखांदूर तालुक्यांतील दिघोरीच्या परिसरांत धानाच्या बांध्या व तलाव यांची संगत इतकी जुनी आहे कीं, मासा कसा असतो हें येथील मुलास पुस्तकांतून शिकावें लागत नाहीं. तरीहि कांचेच्या पेटींत रंगीत मासे पाळण्याची हौस आतां खेडोपाडीं पोहोंचली आहे. हौस चांगलीच; परंतु महिना-दीड महिना लोटला कीं कांचेवर हिरवा लेप चढतो, आणि मग दुकानदार 'शेवाळ खाणारा' म्हणून कांचेस तोंडानें चिकटून राहणारा एक काळसर मासा हातीं देतो. तो घ्यावा कीं नाहीं, आणि दुसरा घ्यावयाचा तर कोणता, याचा विचार आगाऊ केलेला बरा.

प्रथम शेवाळ येतें कोठून तें पाहूं. त्यास प्रकाश हवा आणि अन्न हवें. प्रकाश खिडकींतून व दिव्यापासून मिळतो. अन्न मिळतें तें न खाल्लेल्या दाण्यांपासून व माशांच्या विष्ठेपासून. यास्तव पेटी उन्हाच्या वाटेंतून दूर ठेवावी, दिवा दिवसांतून ६ ते ८ तासच लावावा, दोन-तीन मिनिटांत संपेल इतकेंच खाद्य घालावें आणि दर आठवड्यास सुमारें चौथा हिस्सा पाणी बदलावें. नळाच्या पाण्यांत क्लोरीन असेल तर तें एक दिवस उघड्या बादलींत राहूं द्यावें. नव्या पेटींतील तपकिरी लेप बहुधा आपण होऊनच जातो. सबंध पाणी हिरवें झालें असल्यास कांचेस चिकटणारा कोणताहि मासा तें निवळीत नाहीं. आणि निळसर, घाण वास येणारा बुळबुळीत थर आला, तर त्यास बहुतेक मासे तोंडहि लावीत नाहींत. शिवाय नवा मासा म्हणजे नवी विष्ठा, हें गणित विसरतां कामा नये.

आतां निवड. ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद व ३० उंच अशा पेटींत कांठोकांठ भरल्यास ५४ लिटर पाणी मावतें. एवढ्या जागेंत पुढें कोण किती वाढणार, हाच खरा प्रश्न. बाजारांत 'सकर' म्हणून मिळणारा मासा विकत घेतांना बोटाएवढा असतो. पूर्ण वाढल्यावर फुटाहूनहि मोठा होतो. 'चायनीज अल्गी ईटर' लहानपणीं उद्योगी खरा, पण मोठेपणीं तो आयत्या खाद्यावर भाळतो व इतर माशांच्या अंगास चिकटून त्यांस हैराण करितो. लहान पेटीस सर्वांत साजेसा म्हणजे ओटोसिंक्लस. तो जेमतेम ४ सेंटिमीटरांचा असून कळपानें राहणारा आहे. म्हणून पांच-सहा तरी एकत्र ठेवावे. मात्र हा नाजूक प्राणी. नव्या, स्वच्छ पेटींत तो उपाशी मरतो, म्हणून पेटी कांहीं महिने मुरल्यावरच आणावा आणि शेवाळ सरल्यावर उकडलेली काकडी किंवा पालक द्यावा. ब्रिसलनोज काटक आहे, पण १२ सेंटिमीटरांपर्यंत वाढत असल्यामुळें त्यास याहून मोठी पेटी हवी. मॉली मासाहि कांचेवरचें शेवाळ टिपतो. कठीण पाणी त्यास मानवतें. वाटोळ्या कांचेच्या भांड्यांत मात्र यांपैकीं एकहि घालूं नये. तेथें हातांतला स्पंजच उत्तम.

कोणी म्हणेल, तलावांतील रोहूचें बोटुकलें कां न आणावें? तें वर्षभरांत किलोभर होऊं शकतें, हेंच उत्तर. आपल्याकडे ओढ्यांतील खडकांवरचें शेवाळ खरवडून खाणारा मल्या नांवाचा देशी मासा आहे. १८३९ सालीं साइक्स यानें त्याचें शास्त्रीय वर्णन केलें व शास्त्रीय नांवांतहि 'मुल्या' हाच शब्द ठेवला. पण त्यास वाहतें पाणी लागतें. पेटींतील साचलेलें पाणी त्यास सोसत नाहीं.

या साऱ्यांत दिघोरीकरांच्या जिव्हाळ्याची गोष्ट निराळीच आहे. पेटींत न मावणारा सकर कांहीं लोक 'जीव वांचला' म्हणून तलावांत सोडतात. हा दक्षिण अमेरिकेंतील मासा आहे. त्याच्या अंगावर चिलखतासारखे कठीण खवले व कांटे असतात. हवा गिळून तो पाण्याबाहेरहि कित्येक तास तग धरतो. कोलकात्याच्या पूर्वेकडील मत्स्यतळ्यांत आणि भीमेवरील उजनी जलाशयांत तो पसरला आहे. अंडीं घालण्यासाठीं नर कांठाच्या मातींत खोल बिळें पाडितो. आपले तलाव तर मातीच्या पाळीचे! कोहळी समाजाच्या पूर्वजांनीं खपून बांधलेले हे तलाव १९५१ सालीं मालगुजारी संपल्यावर शासनाकडे गेले. 'मामा तलाव' या नांवांत ती जुनी मालकी आजहि राहिली आहे. त्यांवर धान पिकतें आणि ढिवर बांधवांची जाळीं चालतात. गेल्या कांहीं वर्षांत जिल्ह्यांतील काहीं तलावांत बेशरमाचीं झुडपें उपटून व देशी पाणवनस्पती लावून त्यांनीं देशी मासे परत आणण्याचा उद्योग चालविला आहे. त्यांच्या जाळ्यांत अडकून तीं फाडणारा आणि पाळ पोखरणारा पाहुणा पेटींतून तेथें जातां कामा नये.

सबब मासा नकोसा झाल्यास तो दुकानदारास परत करावा, अथवा मोठी पेटी असलेल्या गृहस्थास द्यावा. आणि पेटींतून काढलेलें पाणी नालींत किंवा बोडींत न ओततां अंगणांतील झाडांस घालावें. झाडांस तें मानवतेंहि.