दात मोजून घेतलेला लॅपटॉप

श्रीगोंदे तालुक्यातील काष्टी येथे दर शनिवारी भरणाऱ्या जनावरांच्या बाजारात ज्याने एकदा तरी बैलाची खरेदी होताना पाहिली असेल, त्याच्या हे ध्यानात आले असेल, की शिंगांचा रंग, गळ्यातील घुंगुरमाळ किंवा पाठीवरची झूल यांकडे जाणते गिऱ्हाईक ढुंकूनही पाहत नाही. ते जनावराचा ओठ खाली ओढते, दात मोजते, आदत आहे की दुसा, चौसा आहे की सारे दात येऊन जुळलेला, हे मनाशी ठरवते, मग दहा-वीस पावले चालवून खुरे न्याहाळते, आणि एवढे सारे झाल्यावरच उपरण्याखाली सौद्यासाठी बोटांची भाषा सुरू होते. परंतु हाच चतुर गृहस्थ कांद्याची पट्टी किंवा उसाचे बिल हाती येताच, अभियांत्रिकीला प्रवेश मिळालेल्या मुलाला बरोबर घेऊन नगरच्या एखाद्या संगणकाच्या दुकानात शिरतो, तेव्हा मात्र त्याची सारी परीक्षकवृत्ती उंबऱ्याबाहेर राहते आणि कळफलकाच्या कोपऱ्यात चिकटवलेल्या चकचकीत चिठ्ठीवर भिस्त ठेवून तो पन्नास-साठ हजारांची रक्कम मोजून मोकळा होतो.

आणि असे गिऱ्हाईक आपल्या नगर जिल्ह्यात थोडे नाही. २०२४ साली ज्याचे अधिकृत नाव अहिल्यानगर झाले तो हा चौदा तालुक्यांचा जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत विस्तीर्ण. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याने १९५० च्या सुमारास येथे जो सहकाराचा पाया घातला, त्याच्याच आधाराने पुढे शिक्षणसंस्था उभ्या राहिल्या, आणि वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना मुभा दिली त्या १९८३ सालीच लोणी, संगमनेर आणि कोपरगाव अशा तीन ठिकाणी ती महाविद्यालये निघाली. ज्या घरात कालपर्यंत सर्वांत महागडे यंत्र म्हणजे विहिरीवरील विद्युत पंप होते, त्या घरात आज लॅपटॉप येतो, तो या परंपरेच्या ओघात येतो.

माझ्या परिचयातील शेवगावकडच्या एका गृहस्थांनी काही वर्षांपूर्वी थोरल्या मुलासाठी असाच एक लॅपटॉप घेतला. दुकानदाराने प्रोसेसरचे ‘आय-सेव्हन’ हे नाव मंत्रासारखे तीन वेळा उच्चारले, आणि सात हा आकडा पाच आणि तीन यांहून मोठा असल्यामुळे पुढे काही विचारण्याचे प्रयोजन उरले नाही. घरी आल्यावर मुलाने मोबाइलचे अॅप तयार करण्याचे साहित्य त्यात बसविले आणि पहिला प्रयोग सुरू केला. तो पुरा होईपर्यंत आईच्या भाकऱ्या थापून झाल्या होत्या. यंत्र सदोष नव्हते. ते फक्त जुळलेले होते.

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याचे यंत्र नेमके कोणते काम करते, हे समजून घेण्यास खळ्याचा दाखला पुरेसा आहे. तिवड्याभोवती फिरणारे बैल म्हणजे प्रोसेसरचे कोर. कणसे पसरायची जागा, म्हणजे प्रत्यक्ष खळे, ती रॅम. आणि वर्षभराचे धान्य साठविणारी कणगी म्हणजे डिस्क. बैल कितीही उमदे असोत, खळे दोन हातांचे असेल तर त्यांना फिरताच येणार नाही, आणि मळणीपेक्षा कणसे कणगीपर्यंत पोचवून पुन्हा आणण्यातच माणसांचा दिवस जाईल. रॅम अपुरी पडली म्हणजे संगणक हेच करतो: नडीला डिस्कची जागा रॅम म्हणून वापरू लागतो, आणि बाहेरून पाहणाऱ्याला एवढेच दिसते, की यंत्र ‘हँग’ झाले.

विद्यार्थ्याच्या खळ्यावर एका वेळी काय काय पसरलेले असते, याचा हिशेब मांडून पाहावा. विंडोज ही प्रणाली नुसती जागी होण्यासाठीच तीन-चार जीबी अडवून बसते. ब्राउझरमध्ये पंधरा-वीस पाने उघडी असतात, कारण अडलेल्या प्रत्येक ओळीचे उत्तर कोठे तरी शोधायचे असते. शिवाय कोड लिहिण्याचे संपादक आणि पाठीमागे चालणारा डेटाबेस. अँड्रॉइड स्टुडिओ या साधनाच्या कर्त्यांनी स्वतःच ८ जीबी ही किमान मर्यादा सांगितली आहे, आणि संगणकाच्या पडद्यावरच खोटा मोबाइल उभा करणारा एम्युलेटर वापरायचा असेल तर १६ जीबी. विंडोजच्या पोटात लिनक्स चालविण्याची जी सोय आहे, ती तर मुळातच एकूण रॅमच्या निम्म्यापर्यंत हक्क सांगू शकते. म्हणून आज नव्याने घेणाऱ्याने १६ जीबी ही आवश्यक बाब समजावी, आणि पुढे ३२ पर्यंत वाढविता येईल अशी रिकामी जागा यंत्रात आहे ना, हे पाहावे. कारण हल्ली सडपातळ देहाच्या हव्यासापायी अनेक यंत्रांत रॅम मुख्य पट्टीवर कायमची झाळून टाकलेली असते आणि मग खळे वाढविण्याचा मार्गच खुंटतो.

याउलट, लिनस टोर्वाल्ड्स या फिन्लंडच्या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सचा आरंभ केला, तो ४ एमबी रॅमच्या संगणकावर. आपण मागत असलेल्या १६ जीबीचा तो चार हजारावा हिस्सा होय. हे ऐकून पालक सुखावतात आणि मुले हिरमुसतात. परंतु टोर्वाल्ड्सला खोटा मोबाइल पडद्यावर नाचवायचा नव्हता.

डिस्कची कथा थोडक्यात सांगण्यासारखी आहे, पण वगळण्यासारखी नाही. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कला एखादी फाइल शोधून काढण्यास सरासरी १०-१२ मिलिसेकंद लागतात. क्षुल्लक वाटणारी ही दिरंगाई घातक ठरते, ती सॉफ्टवेअरच्या स्वभावामुळे. कारण वेबसाइटच्या एखाद्या साध्या प्रकल्पातही उसनी आणलेली दहा-दहा हजार चिमुकली टिपणे असतात, आणि विखुरलेल्या दहा हजार फायलींना प्रत्येकी बारा मिलिसेकंद म्हणजे नुसत्या शोधाशोधीची दोन मिनिटे. एसएसडीत फिरणारा भागच नसल्याने हा शोध जवळजवळ नाहीसा होतो. सलग वाचनातही हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे एमबीवर दमते, साटा जोडणीची एसएसडी साडेपाचशेपर्यंत जाते, तर एनव्हीएमई प्रकारची तीन हजारांच्याही पुढे. जुन्या यंत्रात नवा जीव ओतायचा असेल, तर पहिला रुपया येथे खर्चावा.

आता दातांकडे वळू. प्रोसेसरचे वय त्याच्या क्रमांकात लिहिलेले असते, पण वाचणाऱ्याला लिपी ठाऊक हवी. इंटेलचा ‘आय-सेव्हन ७५००यू’ हा २०१६ चा. आरंभीचा ७ सातवी पिढी दाखवितो, आणि त्याच्या पोटात कोर अवघे दोन. उलट २०२२ चा ‘आय-थ्री १२१५यू’ हा बाराव्या पिढीचा, नावाने कनिष्ठ, पण कोर सहा. आमच्या शेवगावच्या गृहस्थांनी याच हिशेबात मार खाल्ला, आणि तो दुहेरी, कारण विंडोज ११ ही प्रणाली साधारणपणे इंटेलच्या आठव्या आणि त्यापुढील पिढ्यांच्या यंत्रांनाच अधिकृतपणे प्रवेश देते आणि विंडोज १० ची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. अशा यंत्रावर लिनक्स बसवून ते कामास लावता येते, पण ते खरेदीपूर्वी ठाऊक असलेले बरे. एएमडी या दुसऱ्या कंपनीची लिपी आणखी चकविणारी आहे: तिच्या सात हजारांच्या मालिकेत पहिला आकडा बाजारात आल्याचे साल सुचवितो, आणि खरी जात तिसरा आकडा सांगतो, त्यामुळे ‘रायझन ५ ७५२०यू’ आणि ‘रायझन ५ ७५४०यू’ ही शेजारी मांडलेली भावंडे प्रत्यक्षात दोन पिढ्यांच्या अंतरावरची असतात. शेवटचे अक्षरही वाचावे: ‘यू’ म्हणजे सुमारे १५ वॉटवर भागविणारा मितभोजी, ‘एच’ म्हणजे ४५ वॉटचा खादाड, पण ताकदीचा.

या खादाडपणाचा प्रश्न ज्याला नीट समजून घ्यायचा असेल, त्याने नगरच्या रणगाडा संग्रहालयात एक दुपार घालवावी. चिलखती दलाच्या प्रशिक्षण केंद्राने १९९४ साली उभारलेल्या या संग्रहालयात रोल्स-रॉइसच्या चिलखती मोटारीपासून विजयंत रणगाड्यापर्यंतची यंत्रे ओळीने उभी आहेत, आणि त्या प्रत्येकात मारा, चिलखत आणि चपळाई या तिघांचा तंटा कोणी तरी आपापल्या परीने मिटविलेला दिसतो. चिलखत जाड केले की चाल मंदावते, चाल वाढवली की पत्रा पातळ होतो. लॅपटॉपच्या बाबतीत हा तंटा वेग, वजन, बॅटरी आणि किंमत अशा चौघांचा आहे. खेळांसाठी केलेली ग्राफिक्स कार्डाची यंत्रे अडीच किलोंच्या घरात जातात, चार्जरची वीट वेगळी, आणि वीज गेली की त्यांचा जोम निम्म्यावर येतो. पाथर्डीहून रोज एसटीने उभ्याने प्रवास करणाऱ्या मुलाच्या पाठीवर हा रणगाडा लादण्यापूर्वी विचार करावा. कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रारूपे स्वतःच्या यंत्रावर शिकवायची असतील तर एनव्हिडियाचे कार्ड उपयोगी खरे; पण त्यासाठीही आरंभी कोलॅबसारखी दूरच्या संगणकावरील फुकट सोय पुरते.

अॅपलच्या यंत्रांविषयी मुलांच्या मनात जे आकर्षण असते, ते सर्वस्वी भाबडे नाही. २०२० च्या एम-वन चिपेपासून त्यांनी थोड्या विजेत बराच वेग साधला आहे, मॅकबुक एअरमध्ये तर पंखाही नाही, आणि आयफोनची अॅप्स तयार करण्यास लागणारे एक्सकोड हे साधन मॅकवरच चालते. मात्र त्यांची रॅम कधीच वाढविता येत नाही. ऑक्टोबर २०२४ पर्यंत ती मूळ किमतीत बहुधा आठच जीबी मिळे, त्यानंतर सोळा झाली. जुने मॅक स्वस्तात घेणाऱ्याने ही तारीख स्मरणात ठेवावी.

आपल्या जिल्ह्यापुरत्या आणखी दोन बाबी आहेत, आणि त्या कोणत्याही जाहिरातीत नसतात. पहिली विजेची. भारनियमनाच्या गावात टाइप-सी वाटे ६५ वॉटवर चार्ज होणारे यंत्र घरच्या इन्व्हर्टरवर सुखाने चालते. मोठ्या चार्जरचे लाड त्या इन्व्हर्टरला परवडत नाहीत. दुसरी दुरुस्तीची. हमी घरपोच आहे की यंत्र पुण्याला पोचवायचे आहे, हे आधी विचारावे; नगरहून पुणे सव्वाशे किलोमीटर, आणि अकोले तालुक्यातील डोंगरी गावातून तो प्रवास म्हणजे बुडालेला आख्खा दिवस. पक्के बिल घ्यावे आणि त्यावर यंत्राचा अनुक्रमांक नमूद करून घ्यावा. थिंकपॅड, लॅटिट्यूड असली कचेऱ्यांतून निवृत्त झालेली यंत्रे नव्या स्वस्त यंत्रांहून कित्येकदा सरस असतात, परंतु तेथे बॅटरीचा अहवाल मागितल्याशिवाय सौदा करू नये. विंडोजला तशी आज्ञा दिली, की मूळ धारणशक्ती किती होती आणि आता किती उरली, हे दोन्ही आकडे ती स्वतःच लिहून देते.

गेल्या वर्षी त्याच गृहस्थांचा धाकटा मुलगा संगमनेरला दाखल झाला. या खेपेस मीही बरोबर होतो. दुकानदाराने यंत्र पुढे ठेवले, झाकण उघडले, पडद्याच्या रंगांची प्रशंसा आरंभली, आणि ती संपण्याची वाट न पाहता गृहस्थ म्हणाले, “शेठ, कंट्रोल, शिफ्ट अन् एस्केप, ही तीन बटनं एकदम दाबा जरा.” टास्क मॅनेजर उघडला. धाकट्याने बापाला एकेक ओळ वाचून दाखविली: प्रोसेसरचे नाव आणि क्रमांक, कोर किती, डिस्क एसएसडी, रॅम ८ जीबी, आणि त्याखाली बारीक अक्षरांत, दोनपैकी एकच खाच व्यापलेली. “म्हंजे एक खाच मोकळी हाय,” गृहस्थ म्हणाले, आणि दुसऱ्या आठ जीबीची पट्टी आपल्या डोळ्यांदेखत बसवून द्यावी, या अटीवर बोलणी सुरू झाली. दुकानदाराने मागचे झाकण उघडले, तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून आत वाकून पाहिले, आणि सवयीने त्यांचा डावा हात क्षणभर खांद्यावरच्या उपरण्याकडे गेला.