“काही नाही, घरीच असते!”

२०११ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. शहापूरजवळच्या आमच्या पाड्यावर जनगणनेचे गुरुजी आले होते. शेजारच्या वहिनींना त्यांनी विचारलं, “काम काय करता?” वहिनी पदर सावरत म्हणाल्या, “काही नाही, घरीच असते.” झालं! गुरुजींनी लिहून घेतलं आणि पुढच्या घरी गेले.

अहो, त्या वहिनी उन्हाळ्यात राबासाठी शेण-पाला डोक्यावरून वाहतात. जुलैत वाकून वाकून आवणी करतात, मग बेणणी, कापणी, झोडणी. गोठ्यातली गायही त्याच पिळतात. तरी त्या ‘घरीच’!

त्या गणतीत शहापूर तालुका सुमारे ३ लाख १४ हजार लोकांचा निघाला, मुरबाड १ लाख ९० हजारांचा. कुणबी, आगरी, ठाकूर, महादेव कोळी, वारली, कातकरी अशी ही मिसळण. आसनगाव स्टेशनावरून पहाटेची लोकल पकडून मुंबईला नोकरीला जाणाऱ्या बायका कागदावर येतात, कारण त्यांना पगार असतो. मुरबाडच्या बायकांना तर गावात रेल्वेच नाही. त्या कल्याणपर्यंत एसटीने लोंबकळत जातात, पण ‘नोकरी’ म्हणून मोजल्या तरी जातात.

आता गंमत बघा. नियम शेतावरच्या बाईच्या बाजूचाच आहे. घरच्या शेतात बिनपगारी राबणं हेसुद्धा जनगणनेत काम धरलं जात होतं, अगदी घरापुरतं दूध काढणंही. वर्षात १८३ दिवस किंवा जास्त काम केलं तर मुख्य कामगार, कमी केलं तर सीमांतिक. म्हणजे वहिनींची नोंद शेतकरी म्हणून व्हायला हवी होती. स्वयंपाक आणि पाणी भरणं मात्र कामात नाही. हे मला कधीच पटलेलं नाही. भातसा, तानसा धरणं आपल्या उशाशी, पाणी जातं मुंबईला, आणि एप्रिल-मेमध्ये पाड्यावरच्या बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. तानसा तर १८९२ पासून मुंबईला पाजतेय!

कातकरणींचं दुखणं आणखी वेगळं. दिवाळी झाली की अख्खं बिऱ्हाड वीटभट्टीवर जातं ते पावसाच्या तोंडावर परततं. गणतीचे दिवस ९ ते २८ फेब्रुवारी. वाडीत झोपड्यांना कुडाची दारं लावलेली, आत कोणी नाही. भट्टीवर कोणी मोजलं तर तिथल्या गावात, नाही तर कुठेच नाही. आणि वाडीत माणसं कमी दिसली की अंगणवाडी, नळ मागताना आकडा आडवा येतो.

२०२१ ची गणती करोनामुळे राहिली. आता ती २०२७ मध्ये घेण्याचं सरकारने जाहीर केलं आहे, माणसांची मोजणी पुन्हा फेब्रुवारीतच.

परवा हे सगळं वहिनींना सांगितलं. त्यांनी बोटांवर दिवस मोजायला घेतले. आवणीचे पंधरा, कापणीचे वीस... मधेच भाऊजी ओट्यावरून म्हणाले, “एवढं काय त्यात?” वहिनी त्यांच्याकडे न बघताच म्हणाल्या, “थांबा, गाय राहिली मोजायची. ती रोजची आहे.”