करवतीआधी मुळं पाहा

फिनिक्सचा पावसाळा कागदोपत्री १५ जूनला सुरू होतो आणि ३० सप्टेंबरला संपतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेने २००८पासून या तारखा ठरवून टाकल्या आहेत. प्रत्यक्षात जूनअखेरपर्यंत आभाळ कोरडंठाक असतं आणि मग एखाद्या संध्याकाळी क्षितिजावरून धुळीची भिंत चालून येते. ५ जुलै २०११ रोजी आलेली भिंत पाच हजार फुटांहून उंच आणि जवळजवळ शंभर मैल रुंद होती. धुळीमागून वारा येतो, विजा येतात, कधी पाऊसही येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी वस्त्यावस्त्यांतून झाडं आडवी झालेली दिसतात. कुणाच्या गॅरेजवर, कुणाच्या कुंपणाच्या भिंतीवर, कुणाच्या मोटारीवर. झाडं कापून नेणाऱ्यांचे फोन त्या दिवशी घणघणत राहतात.

अशा पडलेल्या झाडाच्या फांद्यांकडे सगळे बघतात. बघायला हवीत त्याची मुळं. पंचवीस फुटी घेराचा मेस्किट वृक्ष आणि त्याच्याबरोबर उपटून आलेला मुळांचा गड्डा जेमतेम तीन-चार फुटांचा, हे दृश्य तिथे नेहमीचं आहे. वाऱ्याने झाड पाडलं, असं घरमालक म्हणतो. माझ्या मते ते अर्धंच खरं आहे. त्या झाडाला पाडायची तयारी कित्येक वर्षं चालू होती, बुंध्याशी टपटपणाऱ्या ठिबकच्या नळीने आणि दर वर्षी फिरणाऱ्या करवतीने.

ॲरिझोनातलं हे सोनोराचं वाळवंट म्हणजे नुसती वाळू नव्हे. फिनिक्सला वर्षाकाठी सुमारे १८० ते २०० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या माणदेशातसुद्धा याच्या दुपटीहून जास्त पडतो. तरीही या भूमीला स्वतःची झाडं आहेत. पालो वेर्दे हे झाड १९५४पासून ॲरिझोनाचा राज्यवृक्ष आहे. त्याचं खोड आणि फांद्या हिरव्या असतात. पाणी संपलं की ते पानं टाकून देतं आणि सालीतल्या हरितद्रव्यावर अन्न बनवत राहतं. आयर्नवुडचं लाकूड इतकं घट्ट की ते पाण्यात बुडतं. आणि मेस्किट तर आपल्या सोलापूर-मराठवाड्यातल्या वेड्या बाभळीचा सख्खा नातेवाईक. ॲरिझोनातल्याच टूसॉन शहराजवळच्या एका उघड्या खाणीत १९६०च्या सुमारास मेस्किटची मुळं जमिनीखाली ५३ मीटरवर सापडली होती.

५३ मीटर खोल जाऊ शकणारं झाड चार फुटांचा गड्डा घेऊन उलथतं, यातच घरच्या झाडांच्या निगेचं सगळं शास्त्र आलं. बांधकाम करणारा घर विकताना अंगणात झाड लावतो, बुंध्यापासून वीतभर अंतरावर ठिबकच्या दोन तोट्या बसवतो आणि घड्याळ लावून देतो. रोज दहा मिनिटं. झाड मोठं होतं, तोट्या तिथेच राहतात. मुळांना दूर जायचं कारणच उरत नाही. त्यात खाली बऱ्याच ठिकाणी कॅलिची नावाचा चुनखडीचा कठीण थर असतो. तो फोडून घेतला नसेल तर पाणी वरच्या वरच साचतं. वर मात्र रोजच्या पाण्यावर फांद्या भराभर वाढतात. बाजारात मिळणारे बरेचसे मेस्किट दक्षिण अमेरिकी जातींचे संकर असतात. ते आधीच उतावळे, आणि पाण्याचा सुकाळ झाला की डोकं जड, पाय लटके अशी त्यांची गत होते.

तिथल्या पाणी खात्यांचा सल्ला साधा आहे. छोट्या रोपाला एक फूट, झुडपाला दोन फूट आणि झाडाला तीन फूट खोल ओल पोहोचली पाहिजे. रुजलेल्या वाळवंटी झाडाला उन्हाळ्यात एक ते तीन आठवड्यांतून एकदा आणि थंडीत महिना-दोन महिन्यांतून एकदा पाणी पुरतं. मात्र ते पोटभर द्यायचं आणि बुंध्याशी नव्हे, फांद्यांच्या घेराच्या कडेला द्यायचं. घेर वाढेल तशा तोट्या बाहेर सरकवायच्या. लोखंडाची लांब सळई जमिनीत खुपसून पाहिली तर ओल कुठवर गेली ते कळतं, कारण ओल्या मातीत ती सहज शिरते आणि कोरडी लागली की अडते. चांगला वृक्षतज्ज्ञ आला की चेनसॉ काढण्याआधी हे पाहतो. जो गाडीतून उतरताच वर बघून ‘अर्धं उतरवू या’ म्हणतो, त्याला मी परत पाठवीन.

छाटणीतले अपराध त्यानंतरचे. वादळाच्या भीतीने लोक सांगतात, झाड विरळ करा, वारा आरपार जाऊ दे. मग कामगार आतल्या सगळ्या डहाळ्या साफ करतो आणि फांद्यांच्या टोकांना तेवढे झुपके ठेवतो. हे काम दिसायला नीटनेटकं असतं, पण सगळं वजन टोकाला गेल्याने फांदी वाऱ्यात पिळवटते आणि मोडते. दुसरा प्रकार शेंडा उडवण्याचा. उडवलेल्या जागेभोवती झुडपासारखे फुटवे येतात, त्यांची पकड उथळ असते आणि दोन-तीन वर्षांत तेच पहिल्यांदा तुटतात. तज्ज्ञांमध्ये सर्वमान्य असलेली मर्यादा अशी की एका वर्षात हिरव्या पानोळ्याचा पाव हिस्सा, त्याहून जास्त नाही. फांदी काढायची ती तिच्या बुडाशी असलेल्या फुगवट्याच्या बाहेरून, कारण जखम भरून आणणाऱ्या पेशी तिथेच असतात. कापलेल्या जागी रंग किंवा डांबर फासण्याची गरज नाही.

वाळवंटात याला आणखी एक पदर आहे. सावलीत वाढलेल्या सालीवर एकदम ४५ अंशांचं ऊन पडलं की ती भाजते, तडकते, आणि त्या तडकीतून काजळीसारखी काळी बुरशी आत शिरते. तुती, फायकस, लिंबूवर्गीय झाडं यांना तिचा विशेष त्रास. फिनिक्सच्या जुन्या वस्त्यांत संत्र्या-ग्रेपफ्रूटच्या बागा तोडून घरं झाली, त्यामुळे तिथे अंगणात अजूनही जुनी संत्र्याची झाडं उभी आहेत आणि काही घरांना कालव्याचं पाणी पाटाने मिळतं. ते कालवे ज्या मार्गांवर खणले गेले, ते मार्ग बऱ्याच ठिकाणी तिथल्या मूळच्या होहोकाम लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी आखलेले होते. या संत्र्यांच्या फांद्या जमिनीला टेकू द्यायच्या असतात. ज्यांनी हौसेने खालच्या फांद्या काढल्या, त्यांना खोडाला पांढरा रंग लावून ऊन परतवावं लागतं.

सगळ्यात जीवघेणं काम मात्र ताडाचं आहे, आणि त्याबद्दल घरमालकांना फारच कमी माहिती असते. वॉशिंग्टोनिया जातीच्या पंख्यासारख्या पानांच्या ताडावर सुकलेल्या झावळ्या गळून पडत नाहीत. त्या खोडाला लटकत राहतात आणि वर्षानुवर्षं थरावर थर चढत जातो. कोकण-गोव्यातला पाडेली ज्या माडावर चढतो त्याचं खोड मोकळं असतं. वॉशिंग्टोनियावर चढणारा माणूस कमरेला पट्टा बांधून या झावळ्यांच्या घेराखाली शिरतो आणि खालून कापायला लागतो. अचानक वरचा अख्खा वेढा सुटून त्याच्या अंगावर घसरतो. शेकडो किलोंचं ते ओझं छाती आणि मान दाबून धरतं, पट्ट्यामुळे माणसाला निसटता येत नाही, आणि काही मिनिटांत तो गुदमरतो. पश्चिम अमेरिकेत अशा मृत्यूंच्या बातम्या पुन्हा पुन्हा येतात, आणि मरणारे बहुतेक वेळा रोजंदारीवरचे स्थलांतरित कामगार असतात. हे काम पाळण्याच्या यंत्रातून, वरून खाली करायचं असतं. घासाघीस करून सर्वात कमी पैशांत ताड साफ करून घेणाऱ्याने आपण कुणाच्या जिवावर वाचवतो आहोत, याचा विचार करावा. शिवाय ताडाच्या खोडाची जखम कधीच भरत नाही, म्हणून जिवंत ताडावर काटेरी बूट घालून चढणंही चूक. आणि आडव्या रेषेच्या वरची हिरवी झावळी कापायचं काहीच कारण नसतं.

चुकीची निवड हा पुढचा विषय. उत्तर हिंदुस्थानातला शिसम, म्हणजे आपल्या शिसवीचा भाऊबंद, फिनिक्सच्या परिसरात ‘सिसू’ या नावाने धडाधड लावला गेला. लवकर वाढतो, दाट हिरवी सावली देतो. काही वर्षांनी त्याच्या मुळांनी कुंपणाच्या भिंती आणि फरसबंदी उचलायला सुरुवात केली आणि शेजारच्या अंगणातूनही फुटवे वर येऊ लागले. आता तेच लोक ते काढायला पैसे मोजत आहेत, आणि झाड कापलं तरी मुळं हार मानत नाहीत. आपल्याकडचं एक गुणी झाड तिथे चार हातांच्या अंगणात कोंबलं गेलं, याचं मला वाईट वाटतं. टूसॉनच्या पिमा काउंटीने तर परागकणांच्या त्रासामुळे १९८०च्या दशकातच तुती आणि ऑलिव्ह लावण्यावर निर्बंध आणले.

म्हणजे काही झाडं काढावीच लागतात. मुळाशी कुजलेला मेस्किट, दुभंगलेला निलगिरी, घराच्या पायाशी भिडलेला शिसम. बांडगूळ आलं म्हणून मात्र झाड तोडायची घाई नको. पालो वेर्दे आणि मेस्किटवर वाढणाऱ्या वाळवंटी बांडगुळाची फळं फायनोपेप्ला नावाचा काळा तुरेवाला पक्षी खातो आणि बिया पसरवतो. सशक्त झाड थोडं बांडगूळ वर्षानुवर्षं सहन करतं. काढण्याचं काम व्यवस्थित होतं तेव्हा झाड एकदम पाडत नाहीत, एकेक फांदी दोराने बांधून खाली उतरवतात. विजेच्या तारेपासून दहा फुटांच्या आत कुणी शिरत नाही, तो भाग वीज कंपनीचा. बुंधा यंत्राने दळण्याआधी ८११ या क्रमांकावर कळवून जमिनीखालच्या गॅस-विजेच्या वाहिन्यांवर खुणा करून घ्याव्या लागतात. लाकडाचा भुसा कचऱ्यात न देता आळ्यात पसरायला मागून घ्यावा. उन्हात तापणाऱ्या खडीपेक्षा तो मुळांना कितीतरी बरा.

सग्वारो या उंच निवडुंगाची गोष्ट वेगळी. त्याला पहिला हात फुटायला पन्नास-पाऊणशे वर्षं लागतात, आणि पूर्ण वाढलेल्याचं वजन कित्येक टनांत जातं. राज्याच्या कायद्याने तो संरक्षित आहे. मूळ जागेवरून दुसरीकडे न्यायचा तर कृषी खात्याचा परवाना आणि त्याच्यावर लावायची खूणचिठ्ठी लागते. हलवणारे जाणकार त्याची दक्षिणेकडची बाजू आधी खूण करून ठेवतात आणि नव्या जागी तीच बाजू दक्षिणेला ठेवून लावतात, नाहीतर सावलीतली कोवळी बाजू भाजते.

हा सगळा खटाटोप कशासाठी, याचं उत्तर २०२३च्या उन्हाळ्यात आहे. फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस पारा ४३.३ अंश किंवा त्याहून वर गेला. त्या वर्षी फिनिक्स ज्यात आहे त्या मॅरिकोपा काउंटीत उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यू नोंदले गेले. सग्वारोसुद्धा कोसळले. शहराने २०२४मध्ये नवा आराखडा मंजूर केला, पाच वर्षांत २७ हजार झाडं आणि ५५० सावलीच्या रचना. टूसॉनने २०३०पर्यंत दहा लाख झाडांचं ध्येय ठेवलं आहे. तिथल्या डनबार स्प्रिंग वस्तीत ब्रॅड लँकास्टर या रहिवाशाने आणि त्याच्या शेजाऱ्यांनी १९९६पासून रस्त्याकडेला देशी झाडं लावली आणि पदपथाच्या कडा कापून रस्त्यावरचं पावसाचं पाणी त्यांच्या आळ्यांत वळवलं. मेस्किटच्या शेंगा दळून ते पीठही करतात, जसं तिथले मूळनिवासी ओऑडम लोक पिढ्यान्‌पिढ्या करत आले.

महाराष्ट्रात शहरातलं स्वतःच्या अंगणातलं झाड तोडायलाही १९७५च्या कायद्याने वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. ॲरिझोनात घरच्या बहुतेक झाडांचा निवाडा मालकच करतो, फार तर वसाहतीची गृहसंस्था मध्ये बोलते. त्यामुळे तिथे कुणाला बोलावता, यावर सगळं अवलंबून. इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चरचं प्रमाणपत्र मिळवायला साधारण तीन वर्षांचा अनुभव आणि परीक्षा लागते, आणि ते दर तीन वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. ते कुणाकडे आहे, हे संस्थेच्या यादीत कुणालाही तपासता येतं.

फिनिक्सजवळच्या चँडलर, गिल्बर्टमध्ये घरं घेतलेल्या मराठी कुटुंबांना माझी विनंती आहे. जूनच्या मध्याआधी झाडांची तपासणी करून घ्या. येणाऱ्याकडे प्रमाणपत्र आणि कामगारांच्या विम्याचा कागद मागा, आणि कुठली फांदी का कापणार ते लिहून घ्या. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी बुंध्याशी अडकलेल्या ठिबकच्या तोट्या स्वतःच्या हाताने घेराच्या कडेला सरकवा.