अमेरिकेतील पक्षपद्धती व पक्षसंघर्ष

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील निवडणुका व शासनव्यवहार डेमॉक्रॅटिक व रिपब्लिकन या दोन पक्षांमार्फत चालतात. तथापि १७८७ मध्ये तयार झालेल्या संविधानात राजकीय पक्षांचा उल्लेख कोठेही आढळत नाही. ही अनवधानाने राहिलेली उणीव नव्हे. घटनाकारांच्या लेखी पक्ष म्हणजे गटबाजी आणि गटबाजी हा प्रजासत्ताकांना जडणारा रोग होता. विधिमंडळ, कार्यकारी मंडळ व न्यायमंडळ यांनी परस्परांवर अंकुश ठेवावा, अशी योजना त्यांनी केली. त्यांनी संघर्ष गृहीत धरला होता. परंतु तो संस्थांमधील होता, पक्षांमधील नव्हे. गटांची बीजे मनुष्यस्वभावातच असतात, हे जेम्स मॅडिसनला मान्य होते. मात्र विस्तृत प्रजासत्ताकात हितसंबंध इतके विविध असतात, की कोणत्याही एका गटास स्थिर बहुमत लाभणे कठीण, असा त्याचा भरवसा होता. पुढील काळात ही घटनात्मक यंत्रणा सुरळीत चालली की अडखळली, हे बव्हंशी पक्ष अंतर्यामी किती एकजिनसी होते यावर अवलंबून राहिले.

जॉर्ज वॉशिंग्टनच्या मंत्रिमंडळातच पक्षभेदाचा उगम झाला. राष्ट्रीय बँक आणि फ्रान्सविषयीचे धोरण या प्रश्नांवरून अलेक्झांडर हॅमिल्टन व टॉमस जेफर्सन यांच्यात तीव्र मतभेद निर्माण झाले व त्यांतून अनुक्रमे फेडरलिस्ट व डेमॉक्रॅटिक-रिपब्लिकन हे पक्ष आकारास आले. पक्षभावनेपासून सावध राहण्याचा इशारा वॉशिंग्टनने १७९६ च्या निरोपाच्या संदेशात दिला, तोवर खुद्द मॅडिसन हा जेफर्सनच्या पक्षाचा प्रमुख संघटक बनला होता. १८०० च्या निवडणुकीत जेफर्सन व त्याचा सहउमेदवार एरन बर यांना निर्वाचकांची प्रत्येकी ७३ मते पडली. निर्वाचकांनी राष्ट्राध्यक्ष व उपराष्ट्राध्यक्ष यांसाठी वेगळी मते द्यावयाची तरतूदच मुळात नव्हती. प्रतिनिधिगृहाने ३६ व्या फेरीत जेफर्सनची निवड केली आणि १८०४ मध्ये बाराव्या घटनादुरुस्तीने हा दोष दूर झाला. पराभूत पक्षाने सत्ता शांतपणे प्रतिपक्षाच्या हाती सोपविली, हे या प्रसंगाचे खरे महत्त्व होय.

अँड्रू जॅक्सनच्या १८२८ मधील विजयानंतर पक्षांना लोकव्यापी संघटनेचे रूप आले आणि विजयी पक्षाने सरकारी नोकऱ्या आपल्या अनुयायांत वाटण्याचा प्रघात दृढ झाला. १८८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड याची नोकरी न मिळालेल्या एका इसमाने हत्या केली. त्यानंतर १८८३ च्या पेंडल्टन अधिनियमाने गुणवत्तेवर आधारलेल्या नोकरभरतीस प्रारंभ झाला. तत्पूर्वीच गुलामगिरीच्या प्रश्नाने जुन्या पक्षांची घडी विस्कटली होती. व्हिग पक्ष मोडला व १८५४ मध्ये रिपब्लिकन पक्ष उदयास आला. सु. ४० टक्के मते मिळवून एब्राहम लिंकन १८६० मध्ये निवडून आला, तेव्हा दक्षिणेतील बहुतेक राज्यांत त्याच्या नावाच्या मतपत्रिकाही उपलब्ध नव्हत्या. ही राज्ये संघराज्यातून फुटून निघाली व यादवी युद्ध ओढवले.

पक्षसंघर्ष कोणाच्या जिवावर मिटविला जातो, याचा विदारक दाखला १८७६ च्या निवडणुकीत मिळतो. डेमॉक्रॅटिक उमेदवार सॅम्युएल टिल्डन यास निर्वाचकांची १८४ मते मिळाली. विजयासाठी १८५ आवश्यक होती. फ्लॉरिडा, लुइझिॲना व दक्षिण कॅरोलायना येथील सर्व आणि ऑरेगनमधील एक अशी एकूण २० मते वादग्रस्त ठरली. काँग्रेसने १५ सदस्यांचा आयोग नेमला. त्यातील ज्या न्यायमूर्तीच्या निःपक्षपातीपणावर सर्वांची भिस्त होती, त्याची ऐन वेळी सीनेटवर निवड झाली आणि त्याच्या जागी रिपब्लिकन न्यायमूर्ती आला. आयोगाने पक्षनिहाय ८ विरुद्ध ७ अशा मतांनी सर्व २० मते रिपब्लिकन उमेदवार रदरफर्ड हेझ याच्या पदरात टाकली. डेमॉक्रॅटिक पक्षाने हा निर्णय अखेर मान्य केला. त्यामागे दक्षिणेतील संघीय लष्कराचा आधार काढून घेतला जाईल, ही अपेक्षा होती आणि १८७७ मध्ये ती पूर्णही झाली. पक्षांमध्ये समेट झाला. त्याची किंमत मात्र वाटाघाटींत ज्यांना स्थान नव्हते त्या दक्षिणेतील कृष्णवर्णीय नागरिकांनी मोजली. दहशत, मतदान-कर व साक्षरतेच्या चाचण्या यांच्या योगे त्यांचा मताधिकार हिरावला गेला व तो प्रभावीपणे परत मिळण्यास १९६५ चा मताधिकार अधिनियम यावा लागला.

या समेटाचा पक्षरचनेवरही दीर्घकाळ परिणाम झाला. दक्षिण हा डेमॉक्रॅटिक पक्षाचा अभेद्य गड बनला. फ्रँक्लिन रूझवेल्टच्या १९३२ मधील विजयानंतर वंशभेदाचे दाक्षिणात्य समर्थक, उत्तरेतील कामगार व उदारमतवादी एकाच पक्षात नांदू लागले. रिपब्लिकन पक्षातही ईशान्येकडील उदारमतवाद्यांचा प्रबळ गट होता. दोन्ही पक्षांत मतदारांना पुरेसा भेद दिसत नाही, अशी तक्रार अमेरिकन राज्यशास्त्र संघटनेच्या एका समितीने १९५० मध्ये केली. तथापि याच सरमिसळीमुळे पक्षांच्या सीमा ओलांडून बहुमत जुळविता येई. नागरी हक्क विधेयकावर १९६४ मध्ये दाक्षिणात्य डेमॉक्रॅट सदस्यांनी सीनेटमध्ये प्रदीर्घ भाषणांनी कोंडी केली. ती ७१ विरुद्ध २९ मतांनी फुटली आणि विधेयक ७३ विरुद्ध २७ मतांनी संमत झाले. अनुकूल मतांत ४६ डेमॉक्रॅट व २७ रिपब्लिकन सदस्यांची होती. विरोधी मतांपैकी २१ राष्ट्राध्यक्षाच्या स्वतःच्या पक्षाची होती. पक्षादेश मोडल्यास सदस्यत्व गमावण्याचा, भारतात १९८५ पासून असलेला धोका तेथे नाही, हेही येथे ध्यानात घेतले पाहिजे.

या अधिनियमानंतर दक्षिणेतील गौरवर्णीय मतदार क्रमाक्रमाने रिपब्लिकन पक्षाकडे वळले आणि दोन्ही पक्ष अधिकाधिक एकजिनसी होत गेले. ह्यूबर्ट हंफ्री यास १९६८ मध्ये प्राथमिक निवडणुका न लढविताही डेमॉक्रॅटिक उमेदवारी मिळाली होती. त्यावरील असंतोषातून उमेदवार निवडण्याचा अधिकार पक्षनेत्यांकडून प्राथमिक निवडणुकांतील मतदारांकडे गेला. ही सुधारणा लोकशाहीस धरूनच होती. पण अशा निवडणुकांत मतदान करणारे अल्पसंख्य व कट्टर असल्याने तडजोडीस तयार असणाऱ्या उमेदवाराची अडचण झाली. मतदारसंघांच्या सीमा पक्षाच्या सोयीने आखण्याच्या जुन्या प्रथेनेही स्पर्धात्मक मतदारसंघ घटण्यास हातभार लावला. मॅसॅच्यूसेट्सचा राज्यपाल एल्ब्रिज गेरी याच्या काळात, १८१२ मध्ये, आखलेला एक मतदारसंघ सॅलमँडर या प्राण्यासारखा दिसे. त्यावरून या प्रथेस ‘गेरीमँडर’ हे नाव पडले. पक्षहितासाठी केलेल्या अशा आखणीचा न्यायनिवाडा संघीय न्यायालये करू शकत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ठरविले.

जी यंत्रणा वाटाघाटींवाचून चालूच शकत नाही, तिला असे एकसंध पक्ष पेलणे अवघड जाते. वृद्धांसाठी वैद्यकीय विम्याची १९६५ मधील योजना दोन्ही पक्षांच्या मतांनी संमत झाली होती. २०१० च्या आरोग्यविमा अधिनियमास अंतिम मतदानात एकाही रिपब्लिकन सदस्याचे मत मिळाले नाही. सर्वोच्च न्यायालयावरील अँटोनिन स्कालियाची नेमणूक सीनेटने १९८६ मध्ये ९८ विरुद्ध शून्य मतांनी मान्य केली. एमी कोनी बॅरेटची २०२० मधील नेमणूक ५२ विरुद्ध ४८ मतांनी झाली व तीत एकही डेमॉक्रॅट मत नव्हते. खर्चाची विधेयके अडल्याने १९९५-९६ मध्ये २१, २०१८-१९ मध्ये ३५ आणि २०२५ मध्ये ४३ दिवस सरकारी कामकाज अंशतः बंद पडले. त्या काळात लक्षावधी कर्मचाऱ्यांचे वेतन थांबले.

पक्षसंघर्षाचे सर्वांत गंभीर रूप ६ जानेवारी २०२१ रोजी दिसले. २०२० च्या निवडणुकीतील निर्वाचकांच्या मतांची मोजणी चालू असताना पराभूत राष्ट्राध्यक्ष डॉनल्ड ट्रंप याच्या समर्थकांनी संसदभवनात घुसून कामकाज बंद पाडले. ते त्याच रात्री पुन्हा सुरू होऊन पहाटे पूर्ण झाले. या प्रकरणी प्रतिनिधिगृहाने ट्रंपवर महाभियोग आणला. सीनेटमध्ये ७ रिपब्लिकन सदस्यांसह ५७ जणांनी त्यास दोषी ठरविले, तथापि दोनतृतीयांश बहुमताअभावी तो दोषमुक्त झाला. २०२४ मध्ये तो पुन्हा राष्ट्राध्यक्षपदी निवडून आला. मतमोजणीचे नियमन तोवर १८७६ च्या वादातून १८८७ मध्ये झालेल्या संदिग्ध अधिनियमानुसार होत असे. २०२२ मध्ये दोन्ही पक्षांच्या मतांनी त्यात सुधारणा करण्यात आली. त्यानुसार उपराष्ट्राध्यक्षाचे काम केवळ औपचारिक ठरले आणि निर्वाचकांच्या मतांवर आक्षेप विचारात घेण्यासाठी प्रत्येक सभागृहातील किमान एकपंचमांश सदस्यांचा पाठिंबा आवश्यक झाला.